जंगलात मुक्काम, स्पीकरसकट

पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या फिरस्त्या मंडळांना हल्ली सकाळची चक्कर पुरत नाही. रात्र जंगलात काढायची असते. कर्नाळा अभयारण्य संध्याकाळी बंद होतं, म्हणून मोर्चा प्रबळमाची या डोंगरावरच्या गावाकडे वळतो. तिथे भाड्याचे तंबू, चुलीवरचं जेवण आणि पहाटे कलावंतीण सुळक्याच्या पायऱ्यांवर फोटोसाठी रांग. कॉलनीत न मिळणारं सुख एकच: मध्यरात्री स्पीकर लावला तरी सोसायटीचे सेक्रेटरी दार ठोठावत नाहीत. या गोंगाटाबद्दल तक्रार केली, तर उत्तर ठरलेलं, की माचीवरच्या कुटुंबांना यातून रोजगार मिळतो. मिळतो, आणि मिळायलाच हवा. पण पैसे जेवणाचे आणि तंबूचे दिलेले असतात, गावाच्या झोपेचे नव्हे. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा 2000 सालचा नियम डोंगर चढून गेल्यावर रद्द होत नाही. गोंगाटच हवा असेल तर खांदेश्वर स्टेशन जवळ आहे, आणि तिथे तंबूचं भाडंही पडत नाही.