आलं का?

रात्री साडेनवाला बेल वाजली. दार उघडलं तर समोर नाना. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात दोनशेपानी वही, कानावर पेन्सिल. तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या छतातून झिरपतंय हे सांगायला आलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा.

"तू तीन नंबरवर आहेस," नाना म्हणाले.

"कसला तीन नंबर?"

"चॅनेल रे. तुझ्या वायफायचा. एकवर असतास तर माझं काही म्हणणं नव्हतं. सहावर असतास तरी नव्हतं. पण तीन? शिकलेली माणसं तुम्ही!"

माझ्या राऊटरने तीन नंबर आपल्या मनानेच घेतला होता. त्याला मन आहे हेही मला त्या रात्रीच कळलं. मी नानांना आत बोलावलं, ही माझी दुसरी चूक.

कोथरूडमधल्या आमच्या चार मजली सोसायटीत नाना पहिल्यापासून आहेत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. असे नाना प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. त्यांच्या शर्टाच्या खिशात टेस्टर असतो. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. "मी नुसतं बघतो" म्हणत ते येतात आणि दहा मिनिटांत तुमच्या घरातला एखादा स्विचबोर्ड उघडा पडलेला असतो. लिफ्ट अडकली, पंप गरम झाला, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं राहिलं, की वॉचमनच्या आधी नाना हजर. मग इमारतीला नवी लिफ्ट बसली, पंपाला टायमर आला, बॅटऱ्या पाणी मागेनाशा झाल्या. नानांना काही उरलं नाही. अशा पडत्या काळात त्यांच्या आयुष्यात वायफाय आलं.

चॅनेल म्हणजे काय ते नानांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पार्किंगमध्ये नेऊन समजावलं. तसं समजावणं दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

"हे बघ, २.४ गिगाहर्ट्झची पट्टी म्हणजे हे आपलं पार्किंग. आपल्या देशात तिच्यावर तेरा नंबर टाकलेत. पण दोन नंबरांत अंतर किती? ५ मेगाहर्ट्झ. आणि वायफायची गाडी किती रुंद? २०! म्हणजे पाच-पाच फुटांवर पट्टे मारलेत आणि प्रत्येकाकडे वीस फुटी गाडी आहे. मग किती गाड्या नीट लागणार?"

"तीन?"

"एक, सहा आणि अकरा. तेरा पट्टे दिसतात म्हणून लोक कुठेही घुसवतात."

मला वाटत होतं की दोन घरं एकाच चॅनेलवर आली की भांडणं. तसं नसतं म्हणे. एका चॅनेलवरची यंत्रं आधी कान देतात. कुणी बोलत असेल तर थांबतात, मग आपलं बोलतात. नळावरच्या रांगेसारखं. वेळ लागतो, पण हंडा भरतो. तीन नंबरवाला मात्र एकच्याही रांगेत नसतो नि सहाच्याही. तो दोन्ही रांगांच्या मध्ये आडवा उभा राहून ओरडत असतो. त्याचं बोलणं दोन्हीकडे शब्द म्हणून पोचतच नाही, नुसता गोंगाट पोचतो. "तो तू," नाना म्हणाले.

मी त्याच दिवशी सहावर गेलो. मला काडीचा फरक जाणवला नाही. नानांनी वहीत लिहिलं: आधी ९४.२, नंतर ९५.१. खाली दोन रेघा.

नानांच्या हॉलमधून मोबाइलवर एकूण सत्तावीस वायफाय दिसतात. वहीत सगळ्यांची नोंद आहे : नाव, मजला, चॅनेल, वर्तणूक. नावांवरून घर ओळखता येतं. 'विचारून वापरा' हे दुसऱ्या मजल्यावरचे वकील. 'विचारू नये' हे त्यांच्या समोरचे. नानांना स्वतःचं नाव देवनागरीतच हवं होतं, 'श्री गजानन प्रसन्न'. पण वायफायच्या नावाला जागा असते बत्तीस बाइटांची. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं. आपलं अक्षर तीन बाइट खातं, आणि काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळ्यांचे तीन-तीन वेगळे. नानांनी कागदावर हिशोब मांडला. बरोब्बर बत्तीसला नाव संपलं ते 'श्री गजानन प' इथे. प्रसन्न व्हायला जागाच उरली नाही. गेली दोन वर्षं आमच्या हवेत ते तसंच तरंगतंय.

नाना हे सगळं का करतात, याचं उत्तर काकूंकडे आहे. १९८७ साली 'रामायण' सुरू झालं तेव्हा ही दोघं सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहायची. रविवारी सकाळी कावळा बसून किंवा वाऱ्याने अँटेना फिरलेली असायची. नाना कौलांवर चढायचे, सिंहगडाच्या दिशेने दांडा वळवायचे आणि वरून ओरडायचे, "आलं का?" खोलीत काकू. त्या म्हणायच्या, "मुंग्या!" मधे गॅलरीत उभा असलेला बिऱ्हाडकरूंचा मुलगा ते वर पोचवायचा. "आता?" "दोन-दोन दिसतायत!" "आता?" आणि मग वाड्यातल्या चाळीस माणसांच्या तोंडून एकदम, "आलं!" नाना खाली उतरायचे तेव्हा बायका त्यांना आधी चहा द्यायच्या, मग रामाला हात जोडायच्या.

अजूनही नाना हॉलमध्ये मोबाइलवर चॅनेल बदलतात आणि मोठ्याने विचारतात, "आलं का?" स्वयंपाकघरातून उत्तर येतं, "घातलंय! गवती चहा मिळाला नाही."

एका राऊटरवर होतं तोपर्यंत प्रकरण आटोक्यात होतं. पण दोन बेडरूमचा फ्लॅट, मधे काँक्रीटच्या भिंती, पॅसेजमध्ये लोखंडी कपाट. मागच्या खोलीत रेंज जाईना म्हणून नानांनी मेश घेतलं. मेश म्हणजे एकसारखे तीन पांढरे डबे. घरभर ठेवायचे, एकमेकांशी बोलून ते घर व्यापतात. काकूंनी पहिल्याच दिवशी तिन्हींवर क्रोशाचे रुमाल घातले. स्वयंपाकघरातला फ्रिजवर ठेवला आणि त्याच्यापुढे पाण्याचं स्टीलचं पिंप. धातू आणि पाणी, दोन्ही या लहरींचे वैरी. नाना पिंप हलवतात, काकू परत आणतात. या विषयावर दोघांत चर्चा झालेली मी ऐकलेली नाही.

खरा घाव पुढेच बसला. त्या मेशच्या ॲपमध्ये चॅनेल निवडायची सोयच नव्हती. सगळं आमचं आम्ही बघतो, तुम्ही निवांत बसा, असा एकूण सूर. नानांना कुणी निवांत बसायला सांगितलं की रक्तदाब वाढतो. त्यांनी तो संच सहाव्या दिवशी परत केला आणि हाताने चॅनेल निवडू देणारा दुसरा आणला. तिथे निराळीच अडचण. डबे हवेतूनच एकमेकांशी बोलत असतील तर तिघांना एकाच चॅनेलवर राहावं लागत होतं. तिघांचे तीन हवेत तर मधे वायर पाहिजे. नानांनी नवीन रंग दिलेल्या भिंतीच्या कडेने वायर ओढली. काकू चार दिवस माहेरी, म्हणजे नारायण पेठेत, जाऊन राहिल्या. येताना इलेक्ट्रिशियनला घेऊन आल्या आणि त्याच वायरची एक फांदी टीव्हीच्या पाठीत खोचून घेतली. तेव्हापासून त्या घरात विनातक्रार चालणारं इंटरनेट एकच, काकूंच्या मालिकेचं. चॅनेल म्हणजे मालिका लागते ते, या व्याख्येवर त्या ठाम आहेत.

पाच गिगाहर्ट्झची कहाणी थोडक्यात सांगतो, नाना थोडक्यात सांगत नाहीत. या पट्टीत जागा भरपूर. २०१८ साली सरकारने तिच्यातली ६०५ मेगाहर्ट्झ परवान्याविना मोकळी केली. ("रेडिओला पोस्टात परवाना काढावा लागायचा तेव्हा लोकांना शिस्त होती," इति नाना. वडिलांचं परवान्याचं पुस्तक त्यांनी जपून ठेवलंय.) पण ५२ पासून पुढच्या बऱ्याच चॅनेलांवर रडारचा मान पहिला. तिथे बसायच्या आधी राऊटरने किमान एक मिनिट कान देऊन ऐकायचं, आणि रडारची चाहूल लागली की मुकाट्याने उठायचं, अर्धा तास परत फिरकायचं नाही. नानांना ही शिस्त इतकी आवडली की त्यांनी मागच्या खोलीतला डबा मुद्दाम तिथेच बसवला. तो अधूनमधून उठायचा. नाना वेळ टिपून ठेवायचे आणि लोहगावला उतरणाऱ्या विमानांशी ताळा जमवायचे. ताळा एकदाही जमला नाही. शेवटी चिडून त्यांनी त्या डब्याची पाचची पट्टीच बंद केली. वही चालू आहे.

आणि २.४ वर त्या डब्याला दिला तेरा नंबर. तेरा हा नानांचा अभिमान. "अमेरिकेत अकरालाच दुकान बंद! आपल्याकडे बारा आणि तेरा जास्तीचे. चौदावाही असतो, पण तो फक्त जपानला." इमारतीत तेरावर कुणी नाही. नाना तिथे बंगल्यात राहिल्यासारखे राहत होते.

डिसेंबरात मुलगा न्यू जर्सीहून आला. त्याची झोपायची सोय मागच्या खोलीत, आणि ऑफिसची मीटिंग रात्री नऊला. लॅपटॉप अमेरिकेत घेतलेला. त्याच्या लेखी तेरा नंबर अस्तित्वातच नव्हता. उशापासून दोन हातांवर डबा हिरवा दिवा लावून बसलाय, आणि लॅपटॉप हॉलमधल्या डब्याला दोन भिंतींपलीकडून लोंबकळतोय. मुलगा मीटिंगमध्ये रोबोसारखा बोलायला लागला. नानांनी लगेच काकूंना मायक्रोवेव्ह बंद करायला सांगितलं, तोही २.४ च्याच आसपास गुरगुरतो. दूध गॅसवर तापलं. फरक पडला नाही. दुसऱ्या रात्रीही तेच.

तिसऱ्या रात्री मुलगा म्हणाला, "बाबा, ऑटोवर टाका ना."

मी तेव्हा तिथे होतो. काकूंच्या हातातला चमचा थांबला.

"ऑटो म्हणजे रिक्षा," नाना हळू आवाजात म्हणाले. "कोथरूडला जायचंय म्हणून बसायचं आणि तो नेईल तिथे उतरायचं."

पण बाप तो बाप. रात्री नानांनी तेराचा नंबर काढून अकरा दिला आणि हॉलमधून हाक मारली, "आलं का?" आतून मुलगा म्हणाला, "आलं!" तेव्हाचा नानांचा चेहरा मी पाहिला. अमेरिकेला गेलेल्या मुलाने त्यांना इतक्या वर्षांत दिलेली ती बहुधा पहिलीच भेटवस्तू असावी.

मुलाने मात्र बापाचंच ॲप आपल्या मोबाइलवर घेतलं आणि सहज बघून मोठ्याने वाचलं, "एकवर सगळ्यात जोरात कोण? श्री गजानन प. सहावर? श्री गजानन प. अकरावर? तेच. बाबा, इमारतीत नीट गाडी लागेल अशा जागा तीन, आणि तिन्हींवर तुम्हीच!"

मी नानांकडे पाहिलं. मी सहावर जाऊन वर्ष झालं होतं.

नानांनी वही मिटली, पेन्सिल कानावर ठेवली. "मग? सोसायटीत पहिल्यापासून आहोत आम्ही."

मुलगा परत गेल्याच्या रात्री मागचा डबा पुन्हा तेरावर गेला, म्हणजे अकरा सध्या रिकामा आहे. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट भाड्याने द्यायचाय. पाणी दोन वेळा, लिफ्ट नवी, गाडीला जागा मिळेल. फक्त राऊटर लावण्याआधी एकदा नानांना भेटून घ्या. ते नसतील तर काकू सांगतील. तीन मात्र घेऊ नका.