तोंडओळख

चेहरेशोध्या हा हौशी छायाचित्रकारांतला एक उपप्रकार होय. तो माणसांचे फोटो काढत नाही. कुलूप, नळ, अर्धा कापलेला फणस, उलटी पडलेली चप्पल, नाकतोडा आणि ढेकूण यांचे काढतो आणि त्यांत माणसे दाखवतो. तीही ऐरीगैरी नव्हेत, ओळखीची. “हे बघा, आपले सेक्रेटरी,” असे म्हणून तो फोन पुढे करतो, तेव्हा पडद्यावर मिक्सरची मागची बाजू असते. बघणारा आधी हसतो, मग जरा थांबतो, आणि मग त्यालाही सेक्रेटरी दिसतात. पुढे सोसायटीच्या सभेत ते बोलायला उभे राहिले की त्याला मिक्सर दिसतो. चेहरेशोध्याने केलेले खरे नुकसान हे.

मुळात दोष त्याचा नव्हे. निर्जीव वस्तूत चेहरा दिसण्याला पॅरिडोलिया म्हणतात आणि ती सर्वांनाच जडलेली खोड आहे. चेहरे ओळखायला मेंदूच्या खालच्या अंगाला एक खास जागा राखलेली असते. नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली ती नेमकी दाखवून दिली. दोन ठिपके आणि खाली एक रेघ एवढ्या भांडवलावरही मेंदू चेहरा उभा करतो, तोही सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत. इतरांचा मेंदू पुढच्याच क्षणी चूक दुरुस्त करतो. चेहरेशोध्या त्याला दुरुस्तीची सवड देत नाही, कारण तोवर त्याने बटण दाबलेले असते.

मराठी मुलखाला हा छंद नवा नाही. खंडाळ्याजवळच्या एका कड्यात इथल्या लोकांना नागाचा फणा दिसला, म्हणून ती नागफणी. इंग्रजांना त्याच दगडात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे टोकदार नाक दिसले, म्हणून तो ड्यूक्स नोज. 1803 साली असईला मराठ्यांचा पराभव करणारा सेनापती हाच. त्याचे नाक आमच्याच घाटात कायमचे खुपसलेले राहावे, हा योगायोग जरा जास्तच झाला. 25 जुलै 1976 रोजी व्हायकिंग-1 या यानाने मंगळावरच्या एका टेकडीचा फोटो काढला, त्यात चक्क माणसाचे तोंड उमटले. ऊन कलते होते आणि सावल्या सोयीच्या जागी पडल्या होत्या. 2001 साली दुसऱ्या यानाने जवळून आणि स्पष्ट फोटो घेतला, तेव्हा टेकडी निघाली. चेहरेशोध्याला ही हकीगत तोंडपाठ असते, मात्र तो तिच्यातून धडा घेतो तो एवढाच की फोटो कलत्या उन्हात काढावा.

म्हणून तो पहाटे उठतो. थंडीने कीटक आखडलेले असतात, पळत नाहीत, शिवाय अंगावर दव असल्याने काही जण घामाघूम झालेले दिसतात आणि ते कचेरीतल्या कोणावर तरी बेतता येते. फोनला चिमट्याने बसणारे भिंग लावून तो अळूच्या पानाखाली डोके घालतो. इतक्या जवळून मिलिमीटरभर खोलीच काय ती स्पष्ट येते. डोळा साधावा तर मिशी जाते. श्वास रोखून धरणे ओघाने आलेच. शेजाऱ्यांना बागेत फक्त त्याची पाठ दिसते आणि तीत मात्र कोणाचाही चेहरा नसतो.

कीटकांत त्याचा मानबिंदू कॅटाकँथस इन्कार्नेटस. हा ढेकणाच्या लांबच्या नात्यातला, पिवळा, नारिंगी किंवा लाल असतो आणि पश्चिम घाटात सापडतो. सरळ पाहिल्यास तो किडाच. उलटा, म्हणजे डोके खाली करून पाहिल्यास पंखांवरचे दोन काळे ठिपके डोळे होतात, पाठीवरचा त्रिकोण नाक होतो, आणि पंखांचा काळा शेवट कपाळावर केसांचा कोंबडा काढून बसतो. घराघरांत तरुणपणी असा कोंबडा काढलेले एक मामा असतातच. त्यांना हा फोटो लग्नाच्या वाढदिवशी पाठवला जातो. किडा डिवचला की दुर्गंध सोडतो, हे सोबत कळवण्याची गरज नसते, पण तेही कळवले जाते.

एकंदरीत उलटे करून पाहणे ही त्याची मुख्य विद्या. भारतीय तीन पिनांच्या सॉकेटमध्ये मोठे भोक वर आणि दोन खाली असल्याने त्यात काही दिसत नाही. फोटो उलटा केला की दोन डोळे आणि आश्चर्याने उघडलेले तोंड मिळते. वीजबिल पाहणारे कोणीही तिथे शोभते.

नाती जुळवताना एक पक्षपात आढळतो. वस्तूंत काका, मामा, सासरे, साहेब भरपूर. काकू आणि आत्या जवळजवळ नाहीतच. घरच्या बायका याला भित्रेपणा म्हणतात. पण 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातही वस्तूंतले चेहरे लोकांना बायकी कमी आणि पुरुषी अधिक वाटल्याचे आढळले, त्यामुळे यापुढे त्याला विज्ञानाची ढाल आहे. अकेरोंशिया या मोठ्या पतंगाच्या पाठीवर हुबेहूब कवटी असते. तो मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो आणि पकडल्यास चीं चीं करतो. हा फोटो मात्र कोणाच्याच नावाने फिरत नाही. वास्तविक तो सगळ्यांच्याच नावाने फिरायला हरकत नसावी.

या प्रकाराला उतार पडल्याचे उदाहरण नाही. फक्त एकदा, कधीतरी, घरातले धाकटे माणूस कढीपत्त्यावरच्या मॉर्मन फुलपाखराच्या अळीचा फोटो काढते आणि सगळ्यांना दाखवते. फुगलेली मान, वटारलेले दोन डोळे, आणि छेडल्यावर बाहेर येणारे ते वासाचे शिंग. बायको, मुलगा, सून, सगळे एका सुरात त्याचेच नाव घेतात. चेहरेशोध्या फोटो सरळ धरतो, उलटा करतो, चष्मा पुसतो. मग शांतपणे समजावून सांगतो की हे डोळे नव्हेत, नुसते ठिपके आहेत. खरे डोळे खाली असतात, अगदी बारीक, आणि यात चेहरा म्हणण्यासारखे काहीही नाही.