अण्णांचा सहकारी समुद्र

सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्ह्यांच्या नशिबी समुद्र नाही. मध्ये सह्याद्री आडवा बसलाय. इथल्या माणसाला समुद्राची हुक्की आली की तो आंबा घाट नाहीतर कुंभार्ली उतरतो, चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यात उभा राहतो, सोलकढी पितो आणि उसाच्या मुलखात परत येतो. अण्णांची जात वेगळी. ती समुद्र घरी आणते. साताऱ्यातही अशी माणसं आहेत, पण अस्सल नमुना सांगलीचा.

अण्णा साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीच्या पैशातून लोक चारधाम करतात. अण्णांनी हॉलमधला सोफा हलवून तिथं चार फुटी काचेची टाकी ठेवली. साडेचारशे लिटर पाणी आणि त्यात सोळा किलो मीठ. ते मीठ घरातल्या बरणीतलं चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेलं खास लागतं. त्याचा भाव काकूंना कळला तेव्हा त्या बराच वेळ आमटीत मीठ घालायच्याच विसरल्या.

घरी आलेला प्रत्येक पाहुणा टाकीजवळ वाकतो आणि विचारतो, "यात मासे कुठायत?"

हा प्रश्न अण्णांना सोसत नाही. टाकीत मासे नाहीत. प्रवाळही नाही, कारण अण्णा कायद्याचे पक्के. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 मध्ये प्रवाळ गेले. त्यांच्यासोबत ट्रायडॅक्ना जातीचे दोन शिंपलेही गेले, ते निळ्या-जांभळ्या ओठांचे, ज्यांचे फोटो पाहून अण्णांना हा नाद लागला. "आपल्या चांदोलीतला वाघ ज्या अनुसूचीत, त्याच अनुसूचीत हा शिंपला," अण्णा सांगतात. "वाघ घरात ठेवाल काय?" पाहुणा नाही म्हणतो. मग अण्णा समाधानानं बिनप्रवाळाच्या प्रवाळबेटाकडं बघत बसतात.

तर टाकीत राहतात फक्त समुद्री गोगलगाई आणि शिंपले. पण अण्णा त्यांना तसं म्हणत नाहीत. ते सभासद. ज्या माणसानं उभी हयात शेअर्स, लाभांश आणि वार्षिक सर्वसाधारण सभा यांत काढली, त्याला दोन जीव एका पाण्यात राहतात म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? टर्बो आणि नेराइट काचेवरचं शेवाळ खातात, म्हणजे कामगार. नॅसारियस दिवसभर वाळूत गाडून घेतो आणि खाण्याचा वास आला की सोंड वर काढून सगळ्यांच्या आधी हजर होतो. "आमच्या सभेला असले निम्मे असायचे," अण्णा म्हणतात. शिंपले वाळूत बसून, दोन नळ्या वर काढून दिवसभर पाणी गाळतात. ते लेखापरीक्षक.

आणि भांडवल म्हणजे कॅल्शियम. शंख असो वा शिंपला, घर त्यातूनच बांधायचं. त्यामुळे लिटरला चारशे ते साडेचारशे मिलिग्रॅम राखावं लागतं. दर रविवारी अण्णा चष्मा कपाळावर चढवून काचनळीत थेंब मोजतात आणि आकडा वहीत लाल शाईनं लिहितात. डॉक्टरांनी त्यांना स्वतःच्या गुडघ्यासाठी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या मात्र फ्रिजवर धूळ खात पडल्यात.

सभासदांचं आपसात पटतं का, हा या नादातला खरा अभ्यासाचा विषय. शेवाळ खाणाऱ्या गोगलगाईपासून शिंपल्याला धोका नाही. टर्बो तेवढा धसमुसळा. रात्री नीट न बसवलेले दगड ढकलतो, शिंपल्याच्या नळीवरून बिनदिक्कत चालत जातो. शिंपला नळ्या ओढून घेतो, मिटतो, टर्बो पुढं गेला की पुन्हा उघडतो. असं वारंवार झालं तर गाळणं बंद, म्हणजे जेवणही बंद. म्हणून अण्णा मध्यरात्री उठून टर्बोला उचलून पलीकडच्या काचेवर चिकटवतात. "जाऊ दे, गरीब आहे," असं वर म्हणतात. सख्ख्या धाकट्या भावानं तासगावच्या द्राक्षबागेचा बांध हातभर सरकवला, त्याला या शब्दांतलं एकही अक्षर मिळालेलं नाही. दोघांचं बोलणं बंद.

ट्रायडॅक्ना बाद झाल्यावर अण्णांनी रत्नागिरीहून जिवंत तिसऱ्या मागवल्या. सांगली ही हळदीची बाजारपेठ, आणि तिसऱ्या घरात आलेल्या असून हळद-मीठ लागत नाही हे पाहून काकूंचा जीव खालीवर होत होता. पण तिसरी ही खाडीच्या गाळातली. तिला पाण्यात तरंगणारं सूक्ष्म अन्न सतत लागतं. टाकीचं पाणी तिच्या दृष्टीनं एकादशी. ट्रायडॅक्नाची गोष्ट निराळी. त्याच्या ओठांत सूक्ष्म शैवाल राहतं आणि चांगला उजेड मिळाला की ते त्याला घरबसल्या साखर पुरवतं. साखर कारखान्यातल्या माणसाला याचं किती अप्रूप वाटलं असेल बघा. तिसरीकडं असला कारखाना नाही. अण्णा तिला बाटलीतलं हिरवं पाणी पिचकारीनं पाजत. तरी एखादी जायची, आणि मेलेली तिसरी वेळेत काढली नाही तर सगळी टाकी नासते. सकाळी उठून आधी वास घ्यायचा, मग चहा.

साताऱ्याचे तात्या म्हणजे अण्णांचे जोडीदार आणि विरोधी पक्षनेते. निवृत्त मास्तर. त्यांचं मत : शिंपला आळशी, गोगलगाय कष्टाळू. एकदा ते कोकणातून येताना अण्णांसाठी एक शंख घेऊन आले. गुळगुळीत, चकचकीत, गोल पोटाचा. "लई गरीब दिसतंय ओ," तात्या म्हणाले. अण्णांनी चौकशी न करता सभासदत्व दिलं.

चार रात्रींनी पहिली तिसरी रिकामी सापडली. मग दुसरी. प्रत्येक शिंपीला बिजागरीपाशी एक गोल भोक, बाहेरून रुंद, आत निमुळतं. अण्णांनी भिंग घेऊन रीतसर पंचनामा केला. ते गरीब दिसणारं प्रकरण निघालं नॅटिका, म्हणजे वाळूखालून चालत जाऊन शिंपला मिठीत घेणारा शिकारी. आम्लानं कवच भुसभुशीत करायचं, दातेरी जिभेनं खरवडायचं, पुन्हा आम्ल, पुन्हा खरवड. भोक पडलं की आत सोंड घालून जेवण. म्युरेक्स जातीचा शंखही भोक पाडतो, पण त्याचं बहुधा सरळ उभं, असं अण्णांनी तात्यांना फोनवर पाऊण तास समजावलं. तात्यांनी शेवटी विचारलं, "मग आता त्याला परत धाडताय, की राहू देताय?" काकूंनी मधल्या मध्ये त्या आयत्या भोकाच्या शिंपा दोऱ्यात ओवून दाराला तोरण केलं.

मग ऑगस्ट 2019 आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी कृष्णा 57 फुटांवर गेली. अण्णांच्या गल्लीत बोट आली. माणशी एकच पिशवी, असा हुकूम. अण्णा दोन झाकणबंद बादल्या घेऊन उभे, त्यांना बॅटरीवरचा बुडबुड्यांचा पंप लावलेला.

"बादल्यांत काय आहे?" जवानानं विचारलं.

"पाणी."

पुरातून पाणी वाचवून नेणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला असावा. अण्णांनी त्याला समजावायचा प्रयत्न केला : बाहेरचं पाणी गोडं, त्यात हे सभासद तासाभरात संपतील. जवानाला 'सभासद' ऐकून आत माणसं आहेत की काय अशी शंका आली आणि त्यानं झाकण उघडायला लावलं. एका टर्बोनं सावकाश शिंगं बाहेर काढली. बोट हलली.

उंचावरचं कोरडं घर नात्यात एकच होतं, विश्रामबागेतलं, धाकट्याचं. अण्णा गेले. दोन्ही भाऊ दारात उभे राहिले, कोणी काही बोललं नाही. धाकट्यानं एक बादली उचलली, अण्णांनी दुसरी. पूर ओसरला, बादल्या परत गेल्या, बोलणं पुन्हा बंद झालं. पण त्या मुक्कामात धाकटा रात्री बादलीत डोकावत बसायचा, हे वहिनींनी काकूंना सांगितलं. दिवाळीला त्याच्या हॉलमधला सोफा हलला.

आता निरोप बायकांमार्फत जातात. "भावजी विचारत होते, नेराइट काचेबाहेर का येतो?" "त्याला सांगा, भरती-ओहोटीतला प्राणी आहे, झाकण लाव." परवा मात्र रात्री अकराला धाकट्याचा थेट अण्णांना फोन आला. शिंपल्याच्या कडेला तांदळाच्या कणीएवढे पांढरे शंख बसलेत, दिवसा दिसत नाहीत, रात्री दिसतात. अण्णा पायजम्यावर स्कूटर काढून निघाले. पिरॅमिडेलिड! रात्री येऊन सोंडेनं शिंपल्याचा रस पिणारं भामटं. एकेक वेचून काढावं लागतं, त्यांच्या अंड्यांच्या चिकट पुंजक्यांसकट.

दोघं दिवे मालवून टाकीपुढं उकिडवे बसले. बऱ्याच वेळानं धाकटा म्हणाला, "अण्णा, ते बांधाचं..."

"टॉर्च सरळ धर. आणि चिमटा कुठाय?"