गुरू मिळेल, टक्केवारीवर

ब्रिटनमध्ये एमबीबीएस होऊन बाहेर पडलेल्या पोराला कुणी लगेच मोकळं सोडत नाही. आधी दोन वर्षांचा फाउंडेशन प्रोग्रॅम. या वॉर्डातून त्या वॉर्डात फिरायचं. डोक्यावर सीनियर, सीनियरच्या डोक्यावर कन्सल्टंट. अडलं तर विचारायला माणूस, चुकलं तर झापायला माणूस, आणि सगळ्यांचा पगार सरकारी तिजोरीतून.

त्याच देशात कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणक्यांवर उपचार करणारा, होऊ बघणारा पोरगा चार-पाच वर्षांची पदवी घेतो, जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलच्या रजिस्टरवर नाव चढवतो आणि सोमवारी सकाळी लोकांच्या माना हातात घेतो. पहिलं वर्ष कुणाच्या तरी नजरेखाली काढ, असं कायदा त्याला म्हणत नाही. त्याने तसं काढावं, अशी मोठ्या माणसांची इच्छा मात्र आहे.

सातासमुद्रापलीकडच्या मानांशी आपल्याला काय घेणंदेणं, असं विचारू नका. त्या माना रोज रात्री आपल्याच मोबाइलवर कडाडत असतात.

मुळात या पेशाचा जन्मच गुरूविना झालेला. १८९५ साली अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी, डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करत बसले होते. हार्वी लिलार्ड नावाचा बहिरा सफाई कामगार आला, पामरसाहेबांनी त्याच्या पाठीतला एक मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असं त्यांनी जाहीर केलं. आता ऐकण्याची नस पाठीच्या कण्यातून जातच नाही, ही किरकोळ अडचण होती. पण ती सांगायला आसपास कुणी सीनियर नव्हता. ‘बाबा रे, एका केसवरून सिद्धांत मांडू नये’ एवढं एक वाक्य कुणी वेळेवर बोललं असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. कुणी बोललं नाही. मग सगळ्या रोगांचं मूळ मणक्यात शोधणारा अख्खा पेशाच उभा राहिला.

आजचा पेशा तिथेच अडकला आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. ब्रिटनने १९९४ मध्ये कायरोप्रॅक्टरांसाठी कायदा केला. रजिस्टरवर नाव नसेल तर तिथे ही पाटी लावणं गुन्हा आहे. पाठदुखीसाठी हाताने केलेले उपचार व्यायामाच्या जोडीला चालतील, असं तिथल्या नाइस या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे. व्यायामाच्या जोडीला, हं. नुसत्या कटकटीवर नाही. म्हणजे अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहे, कौन्सिल आहे. घोडं पेंड खातं ते पदवीच्या दुसऱ्या दिवशी.

कॉलेजच्या क्लिनिकमध्ये शेवटच्या वर्षी विद्यार्थी पेशंट बघतात तेव्हा शिक्षक शेजारीच असतो. वेळ भरपूर असतो. दाराबाहेर जाऊन ‘सर, हे जरा वेगळं वाटतंय’ म्हणता येतं. खासगी क्लिनिकात दाराबाहेर रिसेप्शनिस्ट असते आणि ती म्हणते, पुढचा पेशंट पंधरा मिनिटं थांबलाय.

आणि इथेच पाठदुखी नवख्याला पद्धतशीर फसवते. बहुतेक नवी पाठदुखी काही आठवड्यांत आपली आपण उतरते. मणका दाबा, शेक घ्या, नाहीतर सासूला शिव्या द्या, ती उतरतेच. नवख्याने त्या काळात सहा वेळा पेशंटला टेबलावर पालथं घातलेलं असतं. पेशंट हसत पैसे देतो, चॉकलेटचा डबाही आणतो, आणि नवख्याला आपल्या हाताचा साक्षात्कार होतो. आपल्याकडच्या पायाळू माणसाची कीर्ती अशीच झालेली आहे. उसण भरलेल्याच्या पाठीला त्याने पाय लावायचा, चार दिवसांनी उसण उतरायची आणि श्रेय पायाला मिळायचं. फरक एवढाच की, पायाळू माणूस पुढच्या बारा भेटींचं पॅकेज विकत नाही.

हा साक्षात्कार वेळीच उतरवणं हे मार्गदर्शकाचं पहिलं काम. ‘तो तुझ्यामुळे बरा झाला की तुझ्यासमोर बरा झाला?’ हा प्रश्न पुस्तक विचारत नाही. तो खुर्ची ओढून समोर बसलेला, केस पांढरे झालेला माणूसच विचारू शकतो.

दुसरं काम याहून गंभीर. पाठदुखीच्या गर्दीत अधूनमधून एखादा असा येतो, ज्याला हातच लावायचा नसतो. पाठ दुखतेय, त्यात लघवी अडतेय, जांघेत बधिर वाटतंय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. उशीर झाला तर नुकसान कायमचं. मान अचानक दुखायला लागली, डोकं पूर्वी कधी दुखलं नाही तसं दुखतंय, बोलण्यात किंवा दिसण्यात गडबड आहे, तर मानेतली रक्तवाहिनी फाटत असू शकते, आणि त्या मानेला झटका देणं म्हणजे जिवाशी खेळ. हे सगळं नवख्याला पाठ असतं. त्याचे मार्कही मिळालेले असतात. पण परीक्षेतला पेशंट लक्षणं ओळीने सांगतो. खरा पेशंट शुक्रवारी संध्याकाळी येतो, ‘जरा पाठ धरलीय’ एवढंच म्हणतो आणि लघवीचं कुणी विचारल्याशिवाय बोलत नाही. विचारायचं कसं, लाजवल्याशिवाय विचारायचं कसं, आणि उत्तर आल्यावर ‘मी आज तुम्हाला काही करणार नाही, तुम्ही आत्ता इमर्जन्सीला जा’ असं म्हणून हातचं गिऱ्हाईक सोडायचं कसं? यासाठी शेजारी कुणीतरी लागतं.

ते कुणीतरी द्यायची व्यवस्था ब्रिटनमध्ये आहे. रॉयल कॉलेज ऑफ कायरोप्रॅक्टर्स ही शाही सनद मिळालेली संस्था नव्या पदवीधरांसाठी साधारण वर्षभराचं प्रशिक्षण चालवते. त्यात अनुभवी मार्गदर्शक असतो, केसेसवर चर्चा होते, आपल्याच कामाकडे मागे वळून बघायला लावतात. योजना चांगली आहे. दोष एकच, कायद्याने ती सक्तीची नाही. सकाळी लवकर उठणंही सक्तीचं नसल्यामुळे किती जण उठतात, हे वाचकांना ठाऊक आहे. सक्ती आहे ती रजिस्टरवर राहण्यासाठी वर्षाला ३० तास शिकण्याची. तीस वर्षं मुरलेल्यालाही ३० आणि कालच्या पोरालाही ३०. आठवड्याला पस्तीस मिनिटं.

बरं, सक्ती का नाही? कारण पैशाचं गणित. डॉक्टरचा सीनियर शिकवतो तेव्हा त्याचा पगार चालूच असतो. कायरोप्रॅक्टर जवळजवळ सगळे खासगीत. सीनियरने नवख्याला एक तास दिला की त्या तासाचे त्याचे स्वतःचे पेशंट बुडाले. मग नवखा काय करतो? कुणाच्या तरी क्लिनिकात ‘असोसिएट’ म्हणून बसतो. बहुतेक वेळा पगार नाही. पेशंटच्या फीमधला वाटा मिळतो, उरलेलं मालकाचं. म्हणजे मालक हाच गाळेवाला, तोच गुरू आणि तोच परीक्षक. शिष्याने पेशंटला ‘तुम्हाला परत यायची गरज नाही’ म्हटलं की तोटा दोघांनाही. गुरूला गुरुदक्षिणा मिळते ती शिष्य पेशंटला किती वेळा बोलावतो त्यावर. द्रोणाचार्यांनी निदान एकदाच अंगठा मागितला होता.

या पोकळीत शिरतात ते कोच. अमेरिकेत जेम्स पार्कर यांनी १९५१ मध्ये कायरोप्रॅक्टरांना प्रॅक्टिस वाढवायला शिकवणारे सेमिनार सुरू केले, तेव्हापासून हा जोडधंदा मूळ धंद्याला चिकटून आहे. या शाळेत हजेरीपटाला म्हणतात पीव्हीए, म्हणजे दर पेशंटमागे सरासरी किती भेटी झाल्या त्याचा आकडा. पहिल्या भेटीत तपासायचं, दुसऱ्या भेटीत एक्स-रे लावून ‘रिपोर्ट ऑफ फाइंडिंग्ज’ ऐकवायचा, पेशंटचा चेहरा उतरला की पॅकेज पुढे करायचं. आणि ही शिकवणी फुकट नसते. ज्याला मार्गदर्शकाची फी परवडत नाही, तो कोचची फी हप्त्याने भरतो.

बरोबर शिकवलं नाही की काय होतं, याची झलक ब्रिटनने बघितली आहे. सायमन सिंग या विज्ञानलेखकाने २००८ मध्ये गार्डियनमध्ये लिहिलं की तान्ह्या मुलांचं पोटदुखीचं रडणं, दमा वगैरेंवर उपचाराचे जे दावे कायरोप्रॅक्टर करतात त्यांना पुरावा नाही. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. वैज्ञानिक खवळले, कौन्सिलकडे कायरोप्रॅक्टरांच्या वेबसाइटवरच्या दाव्यांबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. तेव्हा २००९ मध्ये मॅकटिमनी कायरोप्रॅक्टिक असोसिएशन या दुसऱ्या संघटनेने सभासदांना निरोप धाडला की वेबसाइट काढून टाका, पत्रकं उचला. खटला २०१० मध्ये ब्रिटिश असोसिएशननेच मागे घेतला. २००९ मध्ये पदवी घेतलेल्या पोरांना ज्येष्ठांकडून मिळालेला सर्वांत तातडीचा उपदेश कोणता, तर दुकानाची पाटी रातोरात कशी झाकावी.

हे असंच असायला हवं असं मात्र नाही. डेन्मार्कमध्ये ओडेन्सच्या विद्यापीठात शिकून बाहेर पडलेल्याला एक वर्षाचं ‘टर्नस’ पुरं केल्याशिवाय स्वतंत्र काम करता येत नाही. नॉर्वेतही टर्नसचं वर्ष आहे. स्वित्झर्लंडने तर कायरोप्रॅक्टरला डॉक्टर, दंतवैद्य यांच्या पंगतीत कायद्यानेच बसवलं. तिथे २००८ पासून झ्युरिक विद्यापीठात वैद्यकाच्या विद्यार्थ्यांबरोबर शिकायचं, आणि नंतर दोन वर्षांहून अधिक काळ अनुभवी माणसाच्या हाताखाली आणि हॉस्पिटलात काढायचा. उपचार सक्तीच्या आरोग्यविम्यात बसतात. आकाश कोसळलं नाही. अमेरिकेतही माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळांनी २०१४ मध्ये मोजक्या जागांवर रेसिडेन्सी सुरू केली. पगाराची सोय झाली की गुरूही सापडतात, असा याचा अर्थ.

आता आपल्या अंगणात या. आपल्याकडे एमबीबीएसला इंटर्नशिप सक्तीची आहे. त्या वर्षातला बराचसा भाग ‘नीट पीजी’च्या पुस्तकात जातो ही गोष्ट वेगळी, पण निदान कागदावर वॉर्ड आहे. फिजिओथेरपीवाल्यालाही इंटर्नशिप चुकत नाही. कायरोप्रॅक्टरांसाठी वेगळी वैधानिक परिषदच आपल्याकडे नाही, मग पहिल्या वर्षाची चिंता कोण करणार? ती जबाबदारी इन्स्टाग्रामने उचलली आहे. मणक्याजवळ माइक, मान गर्रकन वळली, कडाड्, पेशंटच्या डोळ्यांत पाणी, खाली दहा हजार लाइक. तो आवाज सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा असतो, त्याने काही ‘जागेवर बसत’ नाही, हे सांगायला रीलमध्ये जागा नसते. अल्गोरिदम हा अत्यंत कडक गुरू आहे. शिष्याला तो एकच गोष्ट शिकवतो, आवाज मोठा काढ. ज्याला तपासून, समजावून, ‘तुम्हाला माझी गरज नाही’ म्हणून घरी पाठवलं, त्या पेशंटचं रील होत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे, लंडनलाही आणि लातूरलाही. हात लावून उपचार करणाऱ्याला पहिलं वर्ष ठरलेला पगार द्या, टक्केवारी नको. मार्गदर्शक क्लिनिकच्या मालकाहून वेगळा असू द्या. आणि त्याने दर महिन्याला किती पेशंट आले हे विचारूच नये, किती जणांना हात न लावता परत पाठवलं आणि का, ते विचारावं.

हे कौन्सिलला जमेपर्यंत पेशंटलाही विचारता येईल. टेबलावर पालथं पडण्याआधी. पालथं पडल्यावर माणूस फारसे प्रश्न विचारण्याच्या स्थितीत नसतो. ‘गेल्या महिन्यात तुम्ही किती जणांना उपचार न करता परत पाठवलंत?’ उत्तर ‘एकालाही नाही’ असं अभिमानाने आलं, तर चप्पल घाला. त्या महिन्यातले पहिले तुम्हीच व्हा.