फी आधी, सवलत मागाहून

वारणानगरला कॉलेजात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या आर्थिक मदतीचे चार प्रकार पडतात : सरकार देते ती, बँक देते ती, पाहुणे देतात ती आणि ‘उसाचं बिल आलं की भरू’ असं वडील सांगतात ती. पाहुण्यांच्या मदतीला व्याज नसतं, पण पुढच्या प्रत्येक लग्नात तिचा चारचौघांत उल्लेख होतो. उसाच्या बिलाला कायद्याने १४ दिवसांची मुदत आहे. मात्र त्यातून आधी सेवा सोसायटीचं पीककर्ज वळतं होतं, मग खतवाल्याची उधारी भागते आणि राहिलं तर शिक्षण.

वारणानगरच्या या कोल्हापूर जिल्ह्याला हा विषय नवा नाही. गरिबाच्या पोराने शिकायचं तर आधी त्याच्या जेवणाची आणि पाठ टेकायची सोय हवी, हे शाहू महाराजांनी ओळखलं आणि १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढे ‘कमवा आणि शिका’ म्हणत पोरांच्या हातात पाटी आणि कुदळ दोन्ही दिली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची फी माफ झाली आणि ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) ही तीन अक्षरं खेडोपाडी पोचली. आजच्या सवलतीचं अधिकृत नाव राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना असं आहे. ऑफिसच्या खिडकीपाशी मात्र ‘ईबीसी भरलास काय रं?’ असंच विचारलं जातं.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली. त्याच साली तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरात असं कॉलेज सुरू झालं. साखर होती, दूध होतं, आता इंजिनीअरही गावातच तयार होऊ लागले. पोरांचा पुण्याचा प्रवास वाचला आणि पुण्यातली फी तेवढी एसटीने इकडे आली.

ही फी एकसंध नसते. शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे तिचे दोन मुख्य तुकडे आहेत, आणि सवलतीच्या बहुतेक गैरसमजांचा उगम इथेच आहे. ईबीसीत निम्मं माफ होतं ते शिक्षण शुल्क. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, प्रवेश केंद्रीय प्रक्रियेच्या कॅप राउंडमधून झालेला हवा, आणि घरातल्या दोनच अपत्यांना लाभ मिळतो. व्यवस्थापन कोट्यातून गेलेल्याला यातलं काही नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पेपरात मथळा आला, ‘मुलींना मोफत शिक्षण’. तो वाचून रिकाम्या हाताने आलेल्या बापाला विकास शुल्क, वसतिगृह, मेस आणि बस यांची बेरीज दाखवली जाते. दोष पेपरवाल्याचाही नाही. ‘विकास शुल्क वगळून मोफत’ हे मथळ्यात बसत नाही. याखेरीज टीएफडब्ल्यूएस म्हणून थोड्या जागा असतात. तिथे शिक्षण शुल्क लागतच नाही, पण त्या गुणवत्तेवर मिळतात आणि ऑप्शन फॉर्म भरताना आठवाव्या लागतात. प्रवेश झाल्यावर आठवणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

यानंतर कागदपत्रं. जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रिमिलेयर, डोमिसाईल, रेशनकार्ड हे ज्याच्या-त्याच्या प्रवर्गाप्रमाणे लागतं. उत्पन्नाचा दाखला जवळपास सगळ्यांना. शेतकरी कुटुंबाच्या उत्पन्नाचे तीन आकडे असतात. मुलीचं स्थळ बघताना सांगायचा, बँकेत कर्ज मागताना सांगायचा आणि तहसील कार्यालयाला सांगायचा. तिन्ही आकडे एकाच घराचे, पण त्यांची आपसात ओळख नसते. दाखल्यापुरता तिसरा चालतो. एरवी वारणेच्या थडीला सगळा माझाच ऊस म्हणणारा गडी तलाठ्यासमोर ‘साहेब, निम्मा पाण्यात गेला’ इथवर उतरतो. पन्हाळा तालुक्याची कचेरी गडावर आहे. पण अर्ज सेतूतून ऑनलाइन जात असल्याने तो वेढा हल्ली प्रत्यक्ष फोडावा लागत नाही. सर्व्हर बंद असेल तर गोष्ट वेगळी.

खरी अडचण नावांची. वडील आधारवर ‘बाळासाहेब’, सातबारावर ‘बाळू’ आणि रेशनकार्डावर ‘बाळासो’ असतात. गावाच्या दृष्टीने तो एकच माणूस आहे, कारण गावाने त्याला पाहिलेलं आहे. संगणकाच्या दृष्टीने ते तिघेजण असून तिघांपैकी विद्यार्थ्याचा बाप कोण हे प्रतिज्ञापत्राशिवाय ठरत नाही. म्हणून हे काम बारावीच्या सुट्टीत उरकावं. तेव्हा घरच्यांना निकालाची धास्ती असते आणि ते सांगेल ते करतात.

सवलतीचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचा आणि तो स्वतः भरायचा. नेटकॅफेवाल्याकडून भरला की मोबाइल नंबर त्याचा पडतो, ओटीपी त्याला जातो आणि पासवर्ड वहीच्या ज्या पानावर असतो त्या पानात पुढे कुणीतरी वडापाव बांधून नेतो. भरलेला अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला, तिथून संबंधित विभागाकडे जातो. इंजिनीअरिंगच्या ईबीसीला तो विभाग म्हणजे तंत्रशिक्षण, अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीला समाजकल्याण. वाटेत कुठेही तो ‘सेंट बॅक’ होतो. कारण एका ओळीत असतं आणि बहुधा ‘दाखला अस्पष्ट’ हेच असतं. मोबाइलवर फोटो काढताना दाखल्यावर अंगठा आलेला असतो. आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघणं एवढीच यावरची तजवीज. परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त झाला नाही तर वर्ष गेलं. दरवर्षी नूतनीकरण वेगळं, ते कुणी आपणहून करून देत नाही.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. नेमकं कोणत्या, तर आधारला सर्वांत शेवटी जोडल्या गेलेल्या. अर्जात एका बँकेचं पासबुक जोडलेलं असतं आणि रक्कम भलत्याच खात्यात पडते. ते खातं कधीतरी बाजाराच्या दिवशी मंडपात, फुकट सिमकार्डाच्या जोडीने उघडलेलं असतं. बँकेत जाऊन आधार कुठे जोडलं आहे ते तपासावं. शाखेत ‘केवायसी झालंय’ म्हणतात, त्यावर जाऊ नये. केवायसी वेगळं आणि ही जोडणी वेगळी.

एवढं करून सवलत मंजूर होते, पण फी भरायची तारीख आणि पैसे खात्यात पडायची तारीख यांची गाठ पडत नाही. मधले महिने हाच आर्थिक मदतीच्या अभ्यासक्रमातला सगळ्यात अवघड पेपर. घरी रोज संध्याकाळी ‘पैसं आलं काय?’ ‘न्हाई अजून’ एवढाच संवाद होतो, आणि तो विद्यार्थी घरी आहे की नाही यावर अवलंबून नसतो, फोनवरही होतो. या काळात लाजून खिडकी टाळणारा फसतो. अर्जाची प्रत घेऊन लेखी हप्ते मागणाऱ्याला बहुतेक ठिकाणी हप्ते मिळतात. प्रत्येक पावती जपावी; ‘भरलेत की गेल्या महिन्यात’ हा पुरावा धरला जात नाही. आणि शिष्यवृत्तीची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात आली असेल तर ती फीचीच असते. काही खात्यांवर ती आल्याच्या चौथ्या दिवशी नवा मोबाइल दिसतो, त्याची वसुली पुढे बापाच्या दूधबिलातून होते.

तरीही कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांपर्यंत हमी योजनेतून ते तारणाशिवाय मिळू शकतं, मात्र सहकर्जदार म्हणून आई किंवा वडील लागतात. इथे वर सांगितलेला दुसरा आकडा उपयोगी पडतो. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये ठेवू नयेत. परतफेड शिक्षण संपून वर्ष झाल्यावर सुरू होते, व्याज मात्र बँकेने कर्जाचा पहिला हप्ता दिल्याच्या दिवसापासून सुरू असतं. व्याज सवलतीची योजना लागू नसेल तर शिकत असतानाच निदान व्याज भरत राहावं, म्हणजे मुद्दल फुगत नाही. पुढे नोकरी लागली की या व्याजाला आयकराच्या जुन्या प्रणालीत आठ वर्षं वजावट मिळते. हे नोकरीच्या आधी ऐकून काही उपयोग नाही.

शेवटचा टप्पा प्रवेशावेळी भरलेल्या अनामत रकमेचा. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वर्कशॉप, वसतिगृह अशा सगळ्या सह्या घेऊन ‘नो ड्यूज’ पूर्ण झालं की ती परत मिळते. पहिल्या वर्षाची मूळ पावती सोबत लागते.