मिसळ हिंदीत, मत मौजेत

माननीय दाजी,



खरं तर हे घरच्या ग्रुपवरच टाकणार होतो. पण तिथे तुम्ही नुसता अंगठा दाखवून मोकळे होता आणि आक्का खाली ‘जेवलास का?’ असं विचारते. म्हणून चारचौघांत लिहितोय. राग मानू नका. मानलात तर मराठीत माना, एवढीच विनंती.

विषय १५ जानेवारीचा. संक्रांतीचा दुसरा दिवस, महापालिकेचं मतदान, आणि बोटाची शाई दाखवली की मिसळीवर दहा टक्के सूट. आपण तिघं टेबलाशी बसलो. ऑर्डर घ्यायला आलेला पोरगा झारखंडचा, पुण्यात येऊन जेमतेम आठ महिने झालेले (हे मला नंतर गल्ल्यावर कळलं). त्यानं पाण्याचे ग्लास ठेवले आणि शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखा एका दमात म्हणाला, “मिसळ कशी देऊ साहेब? तिखट, मध्यम, का कमी तिखट?” ‘ळ’पाशी जीभ थोडी अडखळली, पण ‘ळ’ त्यानं काढला. आणि सातारा जिल्ह्यात जन्मलेले, वाढलेले, अजून गावच्या जत्रेला वर्गणी देणारे तुम्ही म्हणालात, “तीन मिसल लाव. दो तिखट, एक मीडियम. तर्री बाजू में. और लिंबू का फोड जरा जादा लाव.”

पोरगा ‘फोड’पाशी थांबला. नक्की काय फोडायचं, ते त्याला कळेना. मग तोही हिंदीत शिरला, आणि आठ महिन्यांत कमावलेलं ते वाक्य त्यानं खिशात ठेवून दिलं. आपल्या टेबलावर ते पुन्हा बाहेर आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्याची सोय बघितली. वा! ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तुम्ही सोसायटीत पेढे वाटलेत. ते आणायला मीच बरोबर होतो. तीन पिढ्या पेठेत दुकान असलेल्या त्या मालकांना तुम्ही म्हणालात, “भैया, आधा किलो पेढा देना, ताजा है ना?” त्यांनी “ताजा आहे” असं सांगून वजन केलं. तिथे कोणाची सोय बघितलीत? पुढच्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला, तेव्हा तुमचा डीपी काळा होता. २९ जूनला तो जीआर मागे घेतल्याचं जाहीर झालं आणि तुम्ही ‘मराठी माणूस जिंकला!’ असं लिहून चौदा ग्रुपांवर पाठवलंत. त्या रात्री जेवण बाहेरून मागवलं. घरी पोचवणाऱ्या मुलाला तुम्ही फोनवर म्हणालात, “हां भैया, मंदिर के बाजू से लेफ्ट.” मंदिर मारुतीचं, दाजी. त्याला सगळं पुणं मारुतीच म्हणतं.

मीही धुतल्या तांदळाचा नाही. रिक्षावाल्याला ‘भैया’ माझ्याही तोंडून जातं, आणि नंतर तो सांगलीचा निघतो. पण मी पेढे वाटत नाही.

तर मिसळ खाता खाता तुम्ही स्वतःहून मतदानाची हकीकत सांगितलीत. मतदान गुप्त असतं, पण तुमच्या पोटात काही राहत नाही. प्रभागात चार जागा, चार मतं. ‘अ’ जागेचं मत कपबशीला, कारण सकाळचा चहा राहिला होता. ‘ब’चं एका उमेदवाराच्या आडनावाला, कारण त्याच आडनावाच्या मास्तरांनी तुम्हाला सातवीत गणितात पास केलं होतं. (मास्तर बिनलग्नाचे होते, उमेदवार त्यांचा कोणीही लागत नाही.) ‘क’ला ‘नोटा’, कारण सगळे सारखेच. आणि ‘ड’ला? “मधलं कुठलं तरी दाबलं,” असं म्हणून तुम्ही पावाचा तुकडा रश्श्यात बुडवलात.

त्याच टेबलावर तुम्ही त्या पोराला किती प्रश्न विचारलेत, ते मी मोजत होतो. शेव घरची का विकतची? पाव आजचे का कालचे? मटकी मोड आलेली ना? रस्सा परत मिळतो का, त्याचे पैसे वेगळे का? एकूण अकरा प्रश्न, सगळे हिंदीत. ८० रुपयांच्या बशीला अकरा प्रश्न, आणि पाच वर्षं गल्लीतलं पाणी-कचरा बघणाऱ्या चार माणसांना मिळून एकही नाही. मिसळ आवडली नाही तर परत तरी पाठवता येते.

‘नोटा’चंही ऐका. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर होता, २७,५०० मतं घेऊन. निवडून आलेल्याला एक लाख ३५ हजार पडली होती. त्याला काही झालं नाही. स्थानिक निवडणुकांत मात्र ‘नोटा’ पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यायची, असा आदेश राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये काढला. म्हणजे ‘नोटा’ दाबायलाही शेजारीपाजारी बोलावं लागतं, माणसं जमवावी लागतात. तुम्ही ते बटण बडीशेप उचलावी तसं दाबलंत.

आणि शब्द नेमका नसला की काय होतं, हे तुम्हाला साताऱ्याच्या माणसाला मी सांगायचं? २०२४ ची साताऱ्याची लोकसभा. एका पक्षाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’, आणि मुक्त चिन्हांमधल्या ट्रम्पेटला मराठी यादीत नाव दिलं ‘तुतारी’. त्या पक्षाचा उमेदवार हरला, फरक ३२,७७१. अपक्षाच्या ‘तुतारी’ला पडली ३७,०६२. ती सगळी चुकून पडली, असं कोणी शपथेवर सांगणार नाही. पण विधानसभेपर्यंत आयोगानं त्या वाद्याचं मराठी नाव बदलून ‘ट्रम्पेट’ करून टाकलं. भाषांतर करणाऱ्यानं एक शब्द ढिला सोडला आणि अख्ख्या मतदारसंघानं महिनाभर हिशेब मांडला. तुम्ही तर ‘लिंबाची फोड’ हे दोन शब्द सोडलेत.

तेव्हा येत्या रविवारी आक्काला घेऊन त्याच हॉटेलात या. तो पोरगा अजून तिथेच आहे, सकाळच्या पाळीला असतो. मी गेल्या आठवड्यात एकटाच गेलो होतो, तर म्हणाला, “लिंबाची फोड आणू का?” ऑर्डर तुम्ही द्यायची. मराठीत दिलीत तर बिल माझं. हिंदीत दिलीत तर तुमचं, आणि वरच्या तर्रीचे पैसे वेगळे.

आपला,
मेव्हणा