उठबस
सगळ्या बिघाडांत नालायक बिघाड म्हणजे अधूनमधून होणारा. ठार बंद पडलेलं यंत्र निदान दुकानात नेता येतं. आमचा कॉम्प्युटर दुकानात नेला की दिवसभर सद्गृहस्थासारखा चालायचा, दुकानदार माझ्याकडे संशयाने बघायचा आणि तपासणीचे पैसे घ्यायचा. घरी आणला की संध्याकाळी, एखादा अर्ज निम्मा भरून झाल्यावर, पडदा काळा व्हायचा, पंखा घुंss करायचा आणि पुन्हा श्रीगणेशा.

त्या श्रीगणेशालाही वेळ किती लागावा! बटण दाबून चहा टाकावा, गाळावा, प्यावा, कप विसळून पालथा घालावा, तरी पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ गरगरतंच आहे. शेवटी भाच्याला बोलावलं. त्याने टास्क मॅनेजरमधला 'स्टार्टअप'चा कप्पा उघडला, तर यजमान उठायच्या आत पाटावर बसलेली पंगत दिसली. भंगारात दिलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, हरवलेल्या फोनचं सॉफ्टवेअर, घरात कोणी कधी न उघडलेला गाण्यांचा प्लेअर, आणि 'नवी आवृत्ती आली का हो?' एवढंच विचारायला नेमलेले या सगळ्यांचे हस्तक. बिचारी जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे मारत एकटीच सगळ्यांना वाढत होती. भाच्याने निम्म्यांना उठवलं आणि डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. आता आधण यायच्या आत कॉम्प्युटर तयार असतो. चहा बिघडला तो बिघडलाच.

"मामा, हा शेवटचा बंद कधी केला होतास?"

"रोज रात्री करतो."

त्याने 'अप टाइम' दाखवला. यंत्र कित्येक दिवस सलग जागं होतं! २०१२ साली विंडोज ८ बरोबर 'फास्ट स्टार्टअप' आलं. तेव्हापासून 'शट डाऊन' म्हटलं की विंडोजचा गाभा डिस्कवरच्या एका फायलीत जसाच्या तसा निजवतात आणि सकाळी तसाच उठवतात. खरी नवी सुरुवात हवी असेल तर 'रीस्टार्ट' म्हणायचं. थोडक्यात, मी बंद केला की तो बंद होत नव्हता आणि नको तेव्हा आपला आपण होत होता.

का होत होता, हे तो सांगायला तयार नव्हता. एक्सपीच्या काळापासून विंडोजला एक सवय आहे: जीवघेणी चूक झाली की निळा पडदा दाखवायचा आणि तो वाचून व्हायच्या आत स्वतःच रीस्टार्ट व्हायचं. सेटिंगमधली त्या सवयीची खूण काढून टाकली, तरी निळा पडदा दिसेना. मग 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडला. तिथे लाल चिन्हासकट नोंद: कर्नल-पॉवर, ४१. मजकुराचा मथितार्थ असा, की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं आहे. हे तर मी समोर बसून पाहिलं होतं. मयताच्या दाखल्यावर 'श्वास थांबला' लिहावं, तसलाच प्रकार.

मग सोसायटीभर सल्ले सुरू झाले. रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवून झालं. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचं पांघरूण निघालं, तेही झटकलं. तापलेला प्रोसेसर जीव वाचवायला यंत्र बंद पाडतो, हे खरंच आहे. वरच्या मजल्यावरच्या काकांनी मदरबोर्डवरची सीआर २०३२ बटणबॅटरी बदलायला लावली. त्याने घड्याळ बरोबर चालू लागलं, म्हणजे कॉम्प्युटर किती वाजता बंद पडला हे अचूक कळू लागलं.

"फ्रिज घुरघुरला की हा बंद पडतो," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मामी, त्याचा काही संबंध नसतो," भाचा म्हणाला. तो इंजिनिअर आहे.

ही काही बोलली नाही. फ्रिजचा थर्मोस्टॅट फिरवून तिने कॉम्प्रेसर सुरू केला. ट्यूबलाइट क्षणभर मिचकली आणि भाच्याच्या नाकासमोर पडदा काळा झाला.

मग एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीतून मोबाइलची बॅटरी मारली. आतल्या कपॅसिटरची डोकी सपाट असायला हवीत. दोघांची पुरीसारखी टम्म फुगली होती आणि एकाच्या डोक्यावरच्या खाचेतून तपकिरी चिकट ओघळ आला होता. कॉम्प्रेसर सुरू होताना वीज जी लचकते, ती सेकंदाच्या साठाव्या भागाएवढी तरी एसएमपीएसने आपल्या साठ्यावर निभावून न्यायची असते. याचा साठाच आटला होता. दुकानात फ्रिज नव्हता. मी स्क्रू ड्रायव्हर उचलला, तर भाच्याने हात धरला: प्लग काढल्यावरही आत काही वेळ तीनशेच्या वर व्होल्ट दबा धरून असतात. जुना डबा बंदचा बंदच माळ्यावर गेला आणि नवा बसला. 'मी आधीच सांगितलं होतं' हे वाक्य पाहुण्यांसमोर अजून चालू आहे.

आता तो फक्त अपडेट आला की रीस्टार्ट होतो, आणि त्यावर कुठलाच दुरुस्तीवाला चालत नाही. विंडोज १० मध्ये यासाठी 'अॅक्टिव्ह अवर्स' असतात, म्हणजे त्या वेळात मालकाला छळायचं नाही. ते आमच्याकडे मुळातच सकाळी ८ ते संध्याकाळी ५ असे लावलेले आले. पाचनंतर मी काही कामाचा नाही, असं विंडोजचं मत आहे. हिचं म्हणणं, पाचच्या आधीचंही तपासून बघायला हवं होतं त्यांनी.